आधी बेल की आधी हॉल?

आई-बाबा न्यू जर्सीला आमच्याकडे आले, तेव्हा बाबांनी पहिल्याच आठवड्यात फिलाडेल्फियाचा विषय काढला. आनंदीबाई जोशी १८८६ साली तिथेच डॉक्टर झाल्या, त्यांना तेवढं कारण पुरे होतं. आईला मात्र 'ती घंटा', म्हणजे तडा गेलेली प्रसिद्ध लिबर्टी बेल, बघायची होती.

अमेरिकेचं स्वातंत्र्य जिथे ठरलं त्या इंडिपेन्डन्स हॉलला तिकीट फुकट असतं, पण वेळ आधी ठरवून घ्यावी लागते. ऑनलाइन बुकिंगचा माणशी एक डॉलर. मी ११ची वेळ घेतली आणि समजले की लिबर्टी बेल त्यातच आली. कसली येते! बेलला तिकीटच नसतं. तिची रांग वेगळी, तपासणी वेगळी. तिथे अर्धा तास उभे राहिलो, रांग काही हलेना. शेवटी साडेदहाला ती सोडून चेस्टनट स्ट्रीट ओलांडून हॉलकडे पळत सुटलो. तिथे बाबांचा पट्टा, आईची पर्स, पर्समधला स्टीलचा डबा. डबा उघडून दाखवावा लागला. लाडू सहीसलामत सुटले.

सभागृह अपेक्षेपेक्षा फारच लहान निघालं. १७७६चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि १७८७ची राज्यघटना, दोन्ही याच खोलीत मंजूर झाली. घटनेच्या वेळी गुप्ततेसाठी भर उन्हाळ्यात खिडक्या बंद ठेवून बसत, हे ऐकून बाबांनी नकळत रुमाल काढला. समोर घटना-अधिवेशनाचा अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन याची खुर्ची आहे, पाठीवर अर्धा सूर्य कोरलेला. हा उगवता की मावळता, असा प्रश्न तिथलाच एक प्रतिनिधी बेंजामिन फ्रँकलिन याला अधिवेशनभर पडायचा. सह्या होताना म्हणाला, उगवता. मला त्या खोलीतलं सगळ्यात जास्त तेच आवडलं.

दुपारी परत बेलकडे. लंडनहून आलेली घंटा पहिल्याच चाचणीत तडकली, म्हणून १७५३ साली इथे पुन्हा ओतली. वजन साडेनऊशे किलोच्या आसपास. 'लिबर्टी बेल' हे नाव पुढे गुलामगिरीच्या विरोधकांनी रूढ केलं. आई हे सगळं ऐकत पुढे गेली आणि देवळात वर जातो तसा तिचा हात वर गेला. रेंजरबाई हसून "नो टचिंग" म्हणाल्या.

"वाजवतात कधी?" आईने मला विचारलं.

"१८४६ नंतर नाही. तडा वाढला."

"भंगलेली घंटा आपण देवळात ठेवत नाही," आई म्हणाली, आणि तिथेच हात जोडले.

तुम्ही जाणार असाल तर सकाळची पहिली वेळ हॉलची घ्या, बेल नंतर. आणि अगदीच वेळ नसेल तर बेल बाहेरूनही काचेतून दिसते. हे मला परत निघताना कळलं.