लाईट गेली आणि रेडिओ बोलला

गेला आठवडाभर हौशी रेडिओवाल्यांच्या ४७२ ते ४७९ किलोहर्ट्झच्या पट्ट्यावर कान लावून बसतोय. ऐकू काय येतं? धारवाड आकाशवाणी! खरं तर ती ७६५ किलोहर्ट्झवर. पण तो ट्रान्समीटर इतका दणकट की माझा बिचारा रिसीव्हर गुदमरतो आणि नको तिथं गाणी वाजवतो.

आधी मी शहाणपणा करून जे-३१० ट्रान्झिस्टरचा प्रीअँप, म्हणजे रिसीव्हरच्या आधी सिग्नल मोठा करणारं सर्किट, लावला होता. आवाज वाढला, गोंधळही तेवढाच वाढला. एवढ्या खालच्या फ्रिक्वेन्सीला गोंगाट बाहेरूनच येतो, तो मोठा करून काय उपयोग?

म्हणून आज धारवाडची फ्रिक्वेन्सी वाटेतच अडवणारा सापळा केला. दोन इंची पीव्हीसी पाइपवर २६ गेजच्या तारेचे ७० वेढे, म्हणजे साधारण २०० मायक्रोहेन्री. त्याला समांतर जुन्या मर्फी रेडिओतला गँग कंडेन्सर, म्हणजे फिरवून कमीजास्त करता येणारा. हे सगळं एरियलच्या वाटेत. गँग २०० पिकोफॅरडच्या आसपास आला आणि धारवाडचे बुवा एकदम खोल विहिरीत गेल्यासारखे झाले.

उरली ती घरातली घरघर. रात्री नऊला आमच्या भागातली लाईट गेली आणि रिसीव्हर बॅटरीवर असल्यानं चालूच राहिला. सगळ्या गल्लीतले एलईडी, चार्जर गप्प! त्या शांततेत कुठल्यातरी विमानतळाच्या बीकनचा, म्हणजे विमानांना दिशा दाखवणाऱ्या ट्रान्समीटरचा, बारीक मोर्स. तीन अक्षरं, पुन्हा तीच तीन. आई आतून ओरडली, "काय रे, अंधारात कुणाशी बोलतोस?"

दुसरं अक्षर लिहून घेतलं आणि लाईट आली.