आमची वाटचाल: दिवे घाटाच्या पायथ्याचं पासिंगचं गॅरेज

सासवड रस्त्यावर वडकीच्या अलीकडे आमचं गॅरेज आहे. ट्रक, टेम्पो, टँकर आणि स्कूल बस पासिंगसाठी, म्हणजे आरटीओच्या योग्यता तपासणीसाठी, तयार करून देणं हा आमचा मुख्य धंदा. पाटीवर मात्र अजून 'पाटे व ब्रेकचे काम' असंच लिहिलेलं आहे, कारण अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सुरुवात त्यातून केली. तेव्हा या पट्ट्यात खडी आणि मुरुमाच्या गाड्या रात्रंदिवस चालायच्या. जादा भाराने पाटे, म्हणजे गाडीचा भार पेलणाऱ्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या, तुटायचे. तुटलेला पाटा काढून, पट्ट्या एकत्र धरणारा नवा सेंटर बोल्ट टाकून गाडी त्याच रात्री रस्त्याला लावून देणारा मिस्त्री म्हणून अण्णांचं नाव झालं.

पासिंगचं त्या काळी एजंट बघायचा. गाडी आरटीओच्या आवारात उभी राहायची, तिथले साहेब गाडीभोवती फिरून दिवे, हॉर्न, वायपर बघायचे, पेन्सिलने चासी नंबरचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या ओळख क्रमांकाचा, ठसा घेतला जायचा. ब्रेकची परीक्षा गाडी थोडी पुढे-मागे करून होईल तेवढीच.

हे चित्र बदललं २०१६ पासून. मुंबई उच्च न्यायालयाने एका जनहित याचिकेवर सांगितलं, की योग्यता प्रमाणपत्र देण्याआधी गाडी २५० मीटर लांबीच्या ट्रॅकवर चालवून तिचा ब्रेक तपासला पाहिजे. शहरातल्या आवारात एवढी जागा कुठून येणार? पुण्याच्या अवजड गाड्यांची तपासणी घाटाच्या वर, दिवे गावातल्या ट्रॅकवर होऊ लागली आणि पासिंगची गाडी आमच्या दारावरून घाट चढू लागली.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या ९६ व्या नियमाप्रमाणे ताशी ३० किलोमीटरने चाललेली गाडी ब्रेक दाबल्यावर १३ मीटरच्या आत थांबली पाहिजे. ऐकायला सोपं वाटतं. पण वर जाऊन नापास होऊन आलेल्या गाड्या आमच्याकडे थांबायला लागल्या, तेव्हा मला एक गोष्ट अस्वस्थ करायला लागली. ट्रॅकवर ज्या ब्रेकने दगा दिला, त्याच ब्रेकवर ती गाडी दिवे घाट उतरून खाली आलेली असते. वळणं, उतार, दुचाकीवरून जेजुरीला निघालेली माणसं, आणि या सगळ्यांतून ती गाडी. तपासणी घाट चढायच्या आधी, पायथ्याला व्हायला हवी, हे तेव्हा मनात पक्कं झालं आणि आम्ही 'पासिंगपूर्व तपासणी' हे वेगळं काम सुरू केलं. शेजारच्या गोडाऊनच्या मालकांनी सुट्टीच्या दिवशी त्यांच्या आवारातला मागचा सरळ रस्ता वापरू दिला. तिथे आम्ही एकमेकींपासून १३ मीटरवर दोन पांढऱ्या रेघा मारल्या. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

नापास व्हायचं पहिलं कारण ब्रेकच. त्यातही ब्रेक अजिबात न लागणारी गाडी क्वचित येते. बहुतेकींचा ब्रेक लागतो, पण एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी. दाबला की गाडी ओढते. अशा गाडीचं चाक उघडलं, की बहुतेक वेळा हबमधलं तेल अडवणारं ऑइल सील गेलेलं असतं आणि तेल लायनरवर, म्हणजे ड्रमला घासून चाक थांबवणाऱ्या थरावर, उतरलेलं असतं. मालक म्हणतो, तेवढ्या बाजूचे लायनर बदला. आम्ही नाही म्हणतो. एका बाजूला नवे आणि दुसऱ्या बाजूला झिजलेले लायनर ठेवले, तर ओढ आणखी वाढते. एका अ‍ॅक्सलची दोन्ही चाकं एकदमच करायची, ड्रमला आतून कड पडली असेल तर तो लेथवर फिरवून घ्यायचा, आणि मग गाडी थोडी चालवून लायनर ड्रमवर बसू द्यायचे. आदल्या रात्री लायनर टाकून सकाळी ट्रॅकवर नेलेली गाडी नापास झाली, तर त्यात नवल नाही.

दुसरी गोष्ट स्लॅक अ‍ॅडजस्टरची, म्हणजे लायनर आणि ड्रममधलं अंतर जुळवणाऱ्या भागाची. लायनर झिजतो तसा हवेच्या दाबाने ब्रेक ढकलणाऱ्या चेंबरच्या दांड्याचा प्रवास लांबत जातो आणि ब्रेक उशिरा पकडतो. गार ड्रमवर हे फारसं जाणवत नाही. घाट उतरताना ड्रम तापून पसरतो, दांड्याला आणखी पुढे जावं लागतं आणि नेमकी गरज असते तेव्हा ब्रेक अपुरा पडतो. म्हणून आम्ही दांड्याचा प्रवास पट्टीने मोजून लिहून ठेवतो.

सगळ्यात धोकादायक म्हणजे मागच्या चेंबरची स्प्रिंग बांधून ठेवलेली गाडी. हवेच्या ब्रेकच्या गाड्यांत हँडब्रेक स्प्रिंगवर लागतो. हवा भरली की स्प्रिंग दबते आणि चाक मोकळं होतं. चेंबरमधला रबरी पडदा, म्हणजे डायफ्राम, फाटला की हवा टिकत नाही आणि चाक जाम होतं. रस्त्यात अडकलेला ड्रायव्हर काय करणार? तो मागचा बोल्ट आवळून स्प्रिंग दाबून ठेवतो आणि गाडी घेऊन निघतो. तेवढ्यापुरतं ते बरोबरच आहे. पण मुक्कामी पोचल्यावर डायफ्राम बदलायचा राहून जातो, बोल्ट तसाच राहतो, आणि गाडी महिनोन्‌महिने हँडब्रेकशिवाय, चाकाला दगड लावून उभी केली जाते. गाडी आली की आमचा मुलगा आधी खाली वाकून हा बोल्ट बघतो, मग बाकीचं.

स्टिअरिंगचं माप नियमात सरळ दिलेलं आहे. चाक न हलता स्टिअरिंग ३० अंशांपेक्षा जास्त फिरता कामा नये. किंगपिन आणि टाय रॉडचे एंड, म्हणजे पुढची चाकं वळवणारे सांधे, वेळच्या वेळी ग्रीस केले, तर ही अडचण येत नाही. टायरच्या नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेलेली चालत नाही, आणि त्यासाठी टायरच्या खाचेत कंपनीनेच उंचवटे दिलेले असतात. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं, की टायर संपला.

छोट्या कारणांनी गाड्या नापास होतात, त्याचं मला जास्त वाईट वाटतं. ही कामं चहा होईपर्यंत उरकतात, पण त्यापायी पूर्ण दिवस आणि भाडं बुडतं. मागचा दिवा लागत नाही, कारण बल्ब गेलेला असतो, नाहीतर अर्थिंगची वायर गंजलेली असते. हेडलाइटमध्ये बाजारातला एलईडी बल्ब टाकलेला असतो, त्याचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. उजेडात चमकणारी रेडियमची पट्टी, पुढे पांढरी, बाजूला पिवळी आणि मागे लाल, मातीवर आणि ग्रीसवरच चिकटवलेली असते, पहिल्या पावसात ती निघते. फाळक्याखालचा मागचा संरक्षक बार लोडिंगला आड येतो म्हणून वर वाकवलेला असतो. त्या बारामुळे मागून धडकलेली कार ट्रकखाली घुसत नाही, हे ड्रायव्हरला नीट सांगितलं, तर तो सहसा पुन्हा वाकवत नाही, असा माझा अनुभव आहे. आणि वेगनियंत्रक. १ ऑक्टोबर २०१५ नंतर तयार झालेल्या ट्रकला तो कंपनीतूनच ताशी ८० किलोमीटरचा येतो, डंपर, टँकर आणि स्कूल बसला ६० चा. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी गाड्यांत त्याची वायर तोडलेली असते.

चासी नंबराबद्दल एक विनंती. गंज चढून नंबर वाचता येत नसेल, तर त्यावर ग्राइंडर कधीही मारू नका. आकडा एकदा घासला गेला, की गाडीची ओळखच अडचणीत येते. डिझेलचा बोळा लावून थोडा वेळ ठेवा, मऊ ब्रशने साफ करा आणि वर ग्रीसचा हात द्या.

धंद्यात एका गोष्टीला आम्ही कायम नकार दिला. पासिंगपुरते टायर लावून देणं. चांगल्या टायरचा संच ठेवायचा, एका दिवसासाठी भाड्याने द्यायचा, गाडी पास झाली की काढून घ्यायचा. यात पैसा आहे आणि मेहनत काहीच नाही. "अण्णा, एका दिवसाचा तर प्रश्न आहे," असं म्हणणारे जुने, घरोब्याचे गिऱ्हाईक होते. अण्णांनी त्यांना चहा पाजला आणि परत पाठवलं. काहींनी नंतर आमच्याकडे येणंच सोडलं. त्या वर्षांत हात आखडून राहावं लागलं, पण अण्णांचा तो निर्णय मला आजही शंभर टक्के पटतो. गाडी दुसऱ्या दिवशी त्याच गुळगुळीत टायरवर पावसात एक्स्प्रेसवेला जाणार असेल, तर हातातल्या प्रमाणपत्राचा उपयोग काय?

आमचं काम वाढलं ते माझ्या पत्नीच्या वहीमुळे. नापास गाडी आली की ती निकालाचा कागद मागून घेते आणि गाडीच्या नंबरासमोर कारण लिहून ठेवते. काही वर्षांत त्या वहीत स्पष्ट दिसायला लागलं, की एकाच मालकाच्या गाड्या त्याच त्या कारणांनी परत येतात. कुणाच्या सगळ्या गाड्यांचे दिवे, कुणाच्या सगळ्यांचे हँडब्रेक. ती ते मालकांना फोन करून सांगायला लागली. वडकीच्या गोडाऊनमधून माल उचलणाऱ्या वाहतूकदारांनी मग पूर्ण ताफाच आमच्याकडे सोपवला.

कोरोनाच्या काळात सरकारने १ फेब्रुवारी २०२० नंतर मुदत संपलेल्या कागदपत्रांना वाढ देत देत ती ३१ ऑक्टोबर २०२१ पर्यंत वैध धरली. गाडीमालकांना तो मोठा आधार होता. पण उभी गाडीही खराब होतेच. शाळा सुरू झाल्यावर स्कूल बस आल्या, तेव्हा लायनर ड्रमला चिकटलेले होते, उंदरांनी वायरिंग खाल्लेलं होतं, टायरची नक्षी नवी आणि कडेला भेगा. अग्निशामकाची तारीख उलटून गेलेली, संकटकालीन दार गंजून बसलेलं. ते दार आम्ही स्वतः आतून उघडून बघतो आणि बसच्या मावशींनाही उघडायला लावतो, कारण प्रसंग आला तर ते त्यांनाच उघडावं लागेल.

२०१८ च्या अखेरीस नियम बदलला. आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला आता दोन वर्षांनी पासिंग लागतं, त्यापुढच्या गाडीला दरवर्षी. मालकांचा वेळ आणि खर्च वाचतो, हे मान्य. पण खडीच्या गाडीचं ऑइल सील दोन वर्षं टिकत नाही. म्हणून ताफ्याच्या गाड्या आम्ही दर सहा महिन्यांनी बोलावतो आणि या कामाचे पैसे कमीच घेतो.

आता स्वयंचलित तपासणी केंद्रांचे दिवस आहेत. तिथे प्रत्येक चाक रोलरवर चढतं, डाव्या-उजव्या ब्रेकचा जोर वेगवेगळा मोजला जातो, हेडलाइटचा झोत यंत्र बघतं, आणि जो आकडा येतो तो छापून हातात पडतो. मला हे मनापासून हवं आहे. ब्रेक ओढतो की नाही यावर मालकाशी वाद घालायची वेळच येणार नाही. आमच्याकडेही रोलरचं यंत्र यावं यासाठी बँकेत कर्जाचा अर्ज केला आहे.

गाडी आणायची असेल, तर मुदत संपायच्या महिनाभर आधी आणा. मुदत संपलेली गाडी कायद्याने विनानोंदणीचीच धरली जाते, आणि त्यात अपघात झाला तर विम्याचा दावा अडकू शकतो. आषाढीची पालखी घाटातून जाते तेव्हा रस्ता वाहनांना बंद असतो, त्या आठवड्यातली अपॉइंटमेंट घेऊ नका. गाडी रिकामी आणा, हौदा झाडून आणा, आणि शक्य असेल तर रोजच्या ड्रायव्हरलाच सोबत पाठवा. ब्रेक कुठल्या वळणावर उशिरा लागतो ते त्याला माहीत असतं.