पक्ष्यांसाठी सोलर कारंजं: पॅनल उन्हात, पाणी सावलीत

घरी सोलर कारंजं करायचं म्हटलं की बहुतेक जण तो पाण्यावर तरंगणारा गोल पंप आणतात, त्याच्या डोक्यावरच पॅनल असतं आणि मधून नोझल, थाळीत सोडला आणि ऊन आलं की फवारा सुरू. दिसायला छान दिसतो तो, नाही असं नाही. पण मला तो पक्ष्यांच्या फारशा कामाचा वाटत नाही, आणि का वाटत नाही ते आणि मी बागेत त्याऐवजी काय केलंय ते दोन्ही आज सविस्तर लिहितेय.

तर त्या पंपाला चालायला कडक ऊन लागतं, पॅनल त्याच्यावरच बसवलेलं असल्यामुळे अख्खी थाळी उन्हात ठेवावी लागते, आणि उन्हातलं उथळ पाणी दुपारपर्यंत मस्त तापतं, भराभर आटतं आणि शेवाळ धरतं. पक्ष्यांना हवं असतं नेमकं उलटं. त्यांना घामाच्या ग्रंथीच नसतात, उकाड्यात ते चोच उघडी ठेवून धापा टाकतात आणि तसं करताना अंगातलं पाणी जात राहतं, म्हणजे जेव्हा ऊन जास्त तेव्हाच त्यांना गार पाण्याची गरज जास्त. म्हणून माझा नियम एकच, पॅनल उन्हात, पाणी सावलीत आणि मधे लांब वायर. एवढं एक ठरवलं की बाकीच्या गोष्टी आपोआप ठरत जातात.

फवाऱ्याचंही तसंच. हलणारं पाणी पक्ष्यांना लांबून कळतं, त्याचा आवाज येतो, चकाकी दिसते, त्यामुळे नुसत्या भरून ठेवलेल्या थाळीपेक्षा तिथे ते लवकर येतात हे खरंच आहे. पण म्हणून उंच धार उडवायची गरज नाही, लहान पक्षी तिला बिचकतात, आणि जरा वारा सुटला की ते सगळं पाणी थाळीबाहेर पडून पंप कोरडा पडतो. मी नोझलच लावलं नाही. नळीचं तोंड पाण्याच्या जरासं वर ठेवलंय, तिथून पाणी उकळी फुटल्यासारखं बोटभर वर येतं आणि बाजूच्या गोट्यांवरून घरंगळत थाळीत पसरतं. आवाज येतो, पाणी हलतं, आणि चिमणी अगदी त्या गोट्यावर बसूनसुद्धा पिते.

आता थाळी. मोठ्या कुंडीखाली ठेवतात ती मातीची पसरट थाळी सगळ्यात चांगली, झिलई नसलेली. चकचकीत सिरॅमिक किंवा स्टीलवर पक्ष्यांचे पाय घसरतात, आणि धातू तापतो तो वेगळाच. खोलीबद्दल मी जरा आग्रही आहे कारण विकत मिळणाऱ्या कितीतरी थाळ्या उगाच खोल असतात. लहान पक्षी पोहत नाहीत, तळाला पाय टेकूनच अंघोळ करतात, त्यामुळे कडेला एक-दोन सेंटिमीटर आणि मधे फार तर पाच, यापेक्षा जास्त पाणी नकोच. कडेपासून मधे हळूहळू उतार हवा, तो थाळीला नसेल तर गोटे आणि जाड वाळू टाकून करता येतो. मधला खोलगट भाग कबुतरं आणि होल्यांना लागतो, कारण बाकीचे बहुतेक पक्षी चोचीत पाणी घेऊन मान वर करून गिळतात पण हे लोक चोच बुडवून सरळ ओढून पितात. दोन-चार गोटे पाण्याच्या वर डोकं काढून राहतील असे ठेवा, त्यावर मधमाश्या बसून पाणी पितात, नाहीतर त्या बुडतात बिचाऱ्या.

पंप मात्र थाळीत ठेवायचा नाही. एवढ्याशा पाण्यात तो अर्धा उघडाच राहतो, आणि असे छोटे पंप पाण्यानेच थंड राहतात, त्यांच्या आतल्या दांड्याला वंगणही पाण्याचंच, म्हणजे कोरडा फिरला की थोड्याच वेळात झिजून खलास. म्हणून खाली साठा हवा. माझी रचना अशी आहे: एक उंच, जड कुंडी, तिच्यात विटा रचून वर एक पंधरा लिटरची बादली, बादलीत पंप, आणि कुंडीच्या तोंडावर झाकणासारखी ती मातीची थाळी. थाळीला दोन भोकं. मधल्या भोकातून पंपाची नळी वर येते, आणि जरा बाजूच्या भोकातून जादा पाणी परत बादलीत पडतं. पाणी फिरत राहतं, कमी होतं ते फक्त बाष्पीभवनाने आणि पक्ष्यांच्या पंख फडफडवण्याने.

दुसऱ्या भोकाची एक गंमत आहे. त्यात पाईपचा छोटा तुकडा उभा बसवायचा, थाळीच्या तळापासून साधारण चार सेंटिमीटर वर येईल असा. पाणी तेवढं चढल्याशिवाय खाली जातच नाही, म्हणजे तुमच्या थाळीची खोली तो तुकडाच ठरवतो, आणि ढग आले, पंप बंद पडला, तरी थाळीत पक्ष्यांपुरतं पाणी राहतं. पण मधल्या नळीचं तोंड मात्र या पातळीच्या वरच पाहिजे! ते पाण्याखाली राहिलं तर पंप थांबल्याबरोबर थाळीतलं पाणी त्याच नळीतून उलटं बादलीत उतरतं आणि संध्याकाळी थाळी कोरडी, कारण या पंपांमध्ये पाणी अडवणारी झडप वगैरे काही नसते.

मातीच्या थाळीला भोक पाडायचं म्हणजे लोक घाबरतात पण थाळी आधी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवली, खाली लाकडाची फळी घेतली, दगड-विटांचं ड्रिल बिट लावलं आणि हॅमर मोड (ड्रिल ठोके देत फिरतो तो) बंद ठेवून सावकाश, मधे मधे पाणी टाकत फिरवलं तर तडा जात नाही. जोर अजिबात लावायचा नाही. आधी बारीक बिट, मग मोठं. सांधे बंद करायला सिलिकॉन मत्स्यालयाचं घ्या, बाथरूमचं नको, त्यात बुरशी मारणारं औषध मिसळलेलं असतं आणि ते पाणी पक्षी पिणार आहेत. लावल्यावर किमान २४ तास सुकू द्यायचं, आंबूस वास पूर्ण जाईपर्यंत थांबलं तर अजून चांगलं.

आता पंप आणि पॅनलची जोडी, कारण इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. पंपाच्या खोक्यावर दोन आकडे असतात, ताशी इतके लिटर आणि इतका उंच. हे दोन्ही एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. लिटरचा आकडा पाणी अजिबात चढवायचं नसतानाचा असतो, आणि उंचीचा आकडा म्हणजे जिथे पाणी पोचून थांबतं, पुढे एक थेंब येत नाही, ती जागा. म्हणून आपल्याला लागते त्याच्या दुप्पट तरी उंचीचा पंप घ्यावा. आणि ही उंची पंपापासून मोजायची नाही, बादलीतल्या पाण्याच्या पृष्ठभागापासून नळीच्या तोंडापर्यंत मोजायची. विटा रचून बादली वर उचलायचं कारण हेच, भरलेली असताना पाण्याला जेमतेम वीस सेंटिमीटर चढायचं असतं, त्यामुळे छोट्या पंपालाही जड जात नाही. पाणी कमी होत गेलं की चढ वाढतो आणि उकळी बसत जाते, म्हणजे बादली भरायची वेळ झाली हे न बघताच कळतं.

पंप मी ६ व्होल्टचा घेतलाय, ब्रशलेस (मोटारीत घासून झिजणारे ब्रश नसलेला), २ वॅटच्या आसपासचा. पॅनल त्याच व्होल्टचं पण ५ वॅटचं. पॅनलवर लिहिलेले वॅट हे भर उन्हातले असतात, नेमकं सांगायचं तर दर चौरस मीटरला १००० वॅट ऊन आणि २५ अंशांवरचा सेल, आणि प्रत्यक्षात ऊन तेवढं असलं तर सेल त्याहून कितीतरी तापलेला असतो, म्हणजे छापील आकडा क्वचितच मिळतो. २ वॅटच्या पंपाला २ वॅटचंच पॅनल लावलं तर सकाळ-संध्याकाळ तो नुसता टिकटिक करत बसतो, सुरू व्हायचा प्रयत्न करतो आणि थांबतो. वॅट जास्त असण्याने पंपाला काही होत नाही, त्याला लागतो तेवढाच करंट तो घेतो. व्होल्ट मात्र जुळलेच पाहिजेत. १२ व्होल्टचं म्हणून मिळणारं पॅनल उन्हात मोकळं मोजलं तर २१-२२ व्होल्ट दाखवतं, ते ६ व्होल्टच्या पंपाला जोडलं तर पंप गेला म्हणून समजा. साधा मल्टिमीटर असेल तर जोडण्याआधी एकदा मोजून बघा, मिनिटाचं काम आहे. लाल-काळी वायर उलटी जोडू नका, पंप फिरणार नाही आणि काही पंप तेवढ्यानेच खराब होतात.

वायर पाच मीटरची आहे, ०.५ चौरस मिलिमीटरची, एवढ्या कमी करंटला तिच्यात होणारी घट नगण्य असते. जोड बादलीच्या बाहेर आणि पाण्याच्या वर, त्यावर हीट श्रिंक नळी, म्हणजे गरम केली की आवळून घट्ट बसणारी प्लास्टिकची नळी.

आणि पॅनल कुठल्या दिशेला? नेहमीचा सल्ला असा असतो की उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे तोंड आणि अक्षांशाएवढा कल. दिवसभरात जास्तीत जास्त वीज हवी असेल तर तो बरोबरच आहे. पण आपल्याला वीज साठवायची नाहीये, आपल्याला पक्षी येतात तेव्हा पाणी हलायला हवंय, आणि माझ्याकडे तरी सगळ्यात जास्त वर्दळ सकाळी असते. मी पॅनल पूर्वेकडे कललेलं ठेवलंय. कोवळ्या उन्हातही पंप लवकर सुरू होतो, दुपारी वीज थोडी कमी मिळते तर मिळू दे, ५ वॅटमधून तेवढी कमी होऊनही पंपाला पुरते. फक्त फांदीची सावली पॅनलवर पडत नाही ना ते बघा, अगदी एका कोपऱ्यावर पडली तरी, कारण आतले सेल एकामागे एक साखळीत जोडलेले असतात आणि एक झाकला गेला की सगळ्यांचाच करंट अडतो.

बॅटरी लावावी का असं मला बरेच जण विचारतात. मी लावली नाही आणि लावायचा सल्लाही देणार नाही. लिथियम बॅटरी म्हटली की चार्जिंगचं सर्किट आलं, पाण्यापासून सांभाळणं आलं, उन्हात ती तापणार, काही वर्षांनी बदलायची, आणि हे सगळं कशासाठी तर रात्री कारंजं चालावं म्हणून, जेव्हा पक्षी झोपलेले असतात.

रात्रीचा प्रश्न खरा आहे तो डासांचा. साचलेलं पाणी आणि त्यात खाली अंधारी बादली, डासांना याहून चांगली जागा मिळणार नाही. पाणी हलतं तेव्हा अंडी घालणं आणि अळ्यांना वर येऊन श्वास घेणं अवघड जातं, पण फक्त त्यावर विसंबू नये. मी थाळी आणि कुंडीच्या मधली फट बारीक जाळीने बंद केलीय, आणि ज्या पाईपमधून पाणी खाली जातं त्याच्या तोंडावरही जाळी आहे (ती पानंही अडवते). शिवाय दर तीन-चार दिवसांनी बादली आणि थाळी दोन्ही पूर्ण रिकामी करून घासायची, काढलेलं पाणी झाडांना. अंड्यापासून डास तयार व्हायला उबदार हवेत साधारण आठवडा लागतो, त्याआधी पाणी गेलेलं असलं पाहिजे. नुसतं ओतून देऊन भागत नाही, एडिस जातीचे डास पाण्याच्या रेषेच्या जरा वर कडेला अंडी चिकटवतात आणि ती कोरडी पडूनही कित्येक महिने टिकतात, म्हणून कडा ब्रशने खरवडायच्याच.

घासायला फक्त कडक ब्रश आणि पाणी. फारच शेवाळ असेल तर पांढरं व्हिनेगर, एकाला नऊ भाग पाणी, आणि मग भरपूर पाण्याने धुणं. साबण नको, त्याचा अंश राहिला तर पिसांवरचं तेल निघतं आणि पिसं पाणी धरायला लागतात. शेवाळ येऊ नये म्हणून पाण्यात टाकायच्या औषधांच्या तर मी पूर्ण विरोधात आहे, सावलीत ठेवलंय, धुतोय, मग हवंय कशाला. आणि एक कृपया लक्षात ठेवा, पिसं फुलवून मलूल बसलेला, गिळायला त्रास होणारा पक्षी दिसला, विशेषतः कबूतर किंवा होला, तर पाणी लगेच काढून टाका आणि सगळं धुऊन काही दिवस कडक कोरडं ठेवा. त्यांच्यात ट्रायकोमोनास नावाचा परजीवी एकत्र पिण्याच्या पाण्यातून पसरतो, कोरडं पडलं की तो मरतो.

जागा निवडताना मांजरांचा विचार करा. ओल्या पंखांनी पक्ष्याला पटकन उडता येत नाही, त्यामुळे थाळीभोवती दोन-तीन मीटर मोकळं हवं, दबा धरायला झुडूप नको, पण उडून बसायला वर एखादी फांदी जवळ हवी. पंख वाळवायला आणि पिसं साफ करायला ते तिथेच जातात.

उकळी बारीक झाली तर आधी बादलीत पाणी बघायचं, मग पॅनलवरची धूळ आणि शिट ओल्या फडक्याने पुसायची, मग पंपाच्या तोंडाचा स्पंज पिळून धुवायचा. एवढं करूनही धार नीट नसेल तर पंपाचं पुढचं झाकण ओढून काढा, आतला चुंबकाचा छोटा पंखा बाहेर येतो, त्याच्यावर आणि त्याच्या खोबणीत बुळबुळीत थर किंवा पाण्यातल्या क्षाराचा पांढरा थर बसलेला असतो. व्हिनेगरमध्ये अर्धा तास ठेवून जुन्या टूथब्रशने घासा. दांडा सिरॅमिकचा असतो, वाकवला की तुटतो, त्याला मात्र हळू हाताने.