काळबादेवीची काळी वाळू: चुंबक, करवंटी आणि थोडं व्हिनेगर

रत्नागिरीहून शिरगाव, साखरतरचा पूल आणि मग काळबादेवीचा किनारा. हाच रस्ता पुढे आरे-वारेमार्गे गणपतीपुळ्याला जातो. पावसाळा सरल्यावर, अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासची सकाळची ओहोटी गाठावी. दुपारी काळ्या वाळूवर अनवाणी पाय ठेववत नाही. भरतीच्या रेषेजवळ काळे पट्टे दिसतात. लाट वर येताना सगळं घेऊन येते. परतताना जोर ओसरलेला असतो, त्यामुळे हलके कण तेवढे मागे ओढले जातात. पट्टा दिसला नाही तर चार बोटं उकरून बघा.

मूठभर वाळूत इल्मेनाइट (लोह आणि टायटॅनियमचं काळं खनिज), मॅग्नेटाइट (चुंबकाला जोरात लागणारं लोहखनिज), ऑजाइट (खडकातलं काळपट खनिज), गारगोटी, शिंपल्यांचा चुरा आणि जांभ्याचे तांबूस कण सापडतात. काळं दिसतं ते सगळं लोखंडाचं, असं धरून चाललात की फसलात. ऑजाइटही काळाच दिसतो.

हे कण वेगळे करायला करवंटी वाळूने अर्धी भरा, डबक्यातलं पाणी घ्या आणि गोल फिरवत हळूहळू कलती करा. विशिष्ट गुरुत्व, म्हणजे पाण्याच्या किती पट जड ते, गारगोटीचं २.६५, ऑजाइटचं ३.२ ते ३.५, इल्मेनाइटचं ४.७ आणि मॅग्नेटाइटचं ५.२. त्यामुळे गारगोटी आधी जाते, ऑजाइट रेंगाळतो. हिसके दिलेत तर बारीक मॅग्नेटाइटही वाहून जातं.

उरलेला काळा गाळ गोड्या पाण्याने दोनदा धुऊन कागदावर पूर्ण वाळवा. हे टाळलं तर मिठाचे चकचकीत चौकोनी स्फटिक धरतात आणि भिंगाखाली लोक त्यांनाच गारगोटी म्हणतात. शिवाय ओले कण एकमेकांना चिकटतात, मग चुंबकाचा निकाल काही कामाचा नाही.

चुंबक प्लास्टिकच्या पिशवीतच ठेवा. उघड्या चुंबकाला धरलेली मॅग्नेटाइटची दाढी निघता निघत नाही. आधी फ्रिजच्या दारावरचं साधं चुंबक वाळूच्या थोडं वर फिरवा. टुणकन उडी मारतं ते मॅग्नेटाइट. ते बाजूला काढून निओडिमियमचं जोरदार चुंबक अगदी टेकवत न्या, म्हणजे इल्मेनाइट उचललं जाईल. सीमारेषा मात्र काटेकोर मिळत नाही, कारण पुष्कळदा एकाच कणात दोन्ही एकमेकांत गुंतलेली असतात. ऑजाइटमध्येही लोह असतं, त्यामुळे तोही थोडाफार या चुंबकाला लागतो.

म्हणून शेवटी कस, म्हणजे भुकटीचा रंग. एवढासा कण कसाच्या फरशीवर घासता येत नाही. दोन स्टीलच्या चमच्यांमध्ये चिरडा आणि पांढऱ्या कागदावर बोटाने पसरा. मॅग्नेटाइटची भुकटी काळी, इल्मेनाइटची काळी ते तपकिरी-काळी. करडी किंवा हिरवट-करडी आली तर तो ऑजाइट. जांभ्याचा कण तांबडा किंवा पिवळट डाग सोडतो.

गारगोटी आणि शिंपल्यांच्या पांढऱ्या ढिगावर व्हिनेगरचे थेंब टाका आणि भिंग लावून मिनिटभर थांबा. शिंपल्याच्या तुकड्यांवर बारीक बुडबुडे धरतात, गारगोटी ढिम्म राहते. लिंबाचा रसही चालतो.