पऱ्हाटीतले पाणी

यवतमाळ जिल्ह्यातील एका ब्रिकेट (शेतातला काडीकचरा दाबून केलेले जळणाचे ठोकळे) कारखान्यात कच्च्या मालाची तपासणी करणे हे माझे काम. माल म्हणजे मुख्यत्वे वेचणी संपलेली पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडे, आणि जोडीला तुराट्या, म्हणजे तुरीच्या काड्या. फेब्रुवारीतल्या अवकाळी पावसानंतर आलेल्या एका ट्रॉलीने आम्हाला संध्याकाळपर्यंत अडकवून ठेवले.

ट्रॉलीत शेतावरच यंत्राने केलेला पऱ्हाटीचा चुरा होता. काट्यावर माल चार टन भरला. वरच्या थरात मीटरने १४ टक्के ओलावा दाखवला. परंतु कोपरापर्यंत हात आत घातला, तेव्हा चुरा चांगलाच गरम लागला आणि आंबूस वास आला. ओला चुरा दाबून भरला की त्यात सूक्ष्मजीवांचे काम सुरू होते आणि तो आतून तापतो. ब्रिकेटला वेगळा चिकट पदार्थ लागत नाही, काडीतले लिग्निन (लाकडाला घट्टपणा देणारा घटक) हेच उष्णतेने मऊ होऊन चुरा बांधून धरते. पण ओलावा १० टक्क्यांच्या आसपास नसेल, तर पाण्याची वाफ होऊन ब्रिकेट तडकते.

"साहेब, वरून तं कोरडंच हाय," शेतकरी म्हणाले. त्यांच्यासमोरच पाच ठिकाणांहून नमुना घेतला आणि १०० ग्रॅम चुरा १०५ अंशांच्या भट्टीत ठेवला. वजन घटायचे थांबले तेव्हा ताटलीत ७२ ग्रॅम उरले होते, म्हणजे ओलावा २८ टक्के. आमचा भाव १२ टक्के ओलाव्याच्या मालाला असतो. त्या हिशेबाने चार टनांचे सव्वातीन टनांच्या जवळपास होतात. उरलेले सुमारे ७३० किलो निव्वळ पाणी.

हिशेब त्यांना पटला, पण त्यांचा पुढचा प्रश्न रास्त होता: "पान्याचे पैसे कापता, तं वाळवाले जागा कोन देईन?" पऱ्हाटी शेतात उभी ठेवा, असे त्यांना सांगता येत नाही, कारण न उमललेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी तग धरून राहते. २०१७ च्या हंगामात तिने विदर्भात कापसाचे किती नुकसान केले, ते इथे कोणाला सांगावे लागत नाही. बुडख्यासकट उपटली, तर मुळांची माती येते, राख वाढते आणि ब्रिकेट दाबणारा साचा झिजतो. तरीही उपटणेच योग्य, असे माझे मत आहे. माती धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, झटकता येते, अळीचे तसे नाही. काडी लावून देणे सर्वांत सोपे, आणि पूर्वी आपणही तेच करत होतो, असे त्यांनी मोकळेपणाने सांगितले.

मालकांशी बोलून तो चुरा कारखान्याच्या सिमेंटच्या ओट्यावर पसरवला. भाव कोरड्या वजनाचा, वाळवणीची मजुरी आमची, असे ठरले. आता ओल्या मालाला हाच नियम लागू आहे. फक्त आभाळ भरून आले की ओट्यावरचा माल ताडपत्रीखाली जातो आणि खरेदी थांबवावी लागते.