नाक्यापर्यंत की पुढं?

2025 च्या फेब्रुवारीत बेळगाव जिल्ह्यात बाळेकुंद्रीजवळ भाषेवरून कंडक्टरला मारहाण झाली आणि बघता बघता कर्नाटक आणि महाराष्ट्र, दोन्ही राज्यांच्या बस सीमेवर थांबल्या. कुठं बसला काळं फासलं, कुठं ड्रायव्हरच्या तोंडाला. नेमकं त्याच आठवड्यात माझ्या बेळगाव पासिंगच्या केए-22 सतरा सीटरला मुंबईचं भाडं होतं. अकरा पोरं ओमानला निघालेली, गुहेत उतरायला.

मजलिस अल जिन, म्हणजे जिन नावाच्या भुतांची बैठक. डोंगरातली एक प्रचंड पोकळी, छताला तीन भोकं. त्यातल्या एकातून दोरावर सुमारे 158 मीटर अधांतरी खाली जायचं. पैसे भरून असलं कोण करतं, हे मला अजून कळलेलं नाही. तारीख पुढं ढकलायचीही सोय नव्हती. 1 मार्चच्या सुमाराला रमजान लागणार होता, तिकडचे वाटाडे आणि जीपगाड्या आधीच ठरल्या होत्या. बेळगावहून विमानानं मुंबई गाठावी तर पंधरा किलोची मर्यादा. यांचा 200 मीटरचा एकच दोर चौदा किलोचा.

सामानाचं मात्र मी मनावर घेतलं होतं. ताणकाटा आणून एकेक पिशवी तोलली. ड्रिलच्या आणि दिव्यांच्या जादा बॅटऱ्या हातातल्या बॅगेत, त्या विमानाच्या खालच्या सामानात चालत नाहीत. दोर टपावर नको, डिकीतही नको, कारण डिकीत आम्ही जुनी बॅटरी ठेवतो. अ‍ॅसिडची वाफ जरी लागली तरी नायलॉन आतून खलास होतो आणि वरून काही दिसत नाही. हे त्यांच्या म्होरक्यानं एकदाच सांगितलं. माझ्या ड्रायव्हरनं लगेच मागची दोन सीटं काढली, धुतलेली ताडपत्री अंथरली आणि दोर त्यावर ठेवले.

हा ड्रायव्हर गोकाकचा. घरी कानडी, आमच्याशी मराठी. नऊ वर्षं मुंबईच्या ट्रिपा मारतोय.

दुपारी कोल्हापूरच्या ओळखीच्या गाडीमालकाचा फोन आला. “केए नंबर आणू नका ओ. कागलपासनं माझी गाडी घ्या.” दोन्हीकडचे पुढारी टीव्हीवर गुरगुरत होते. त्यांची पोरं कुठल्या बसनं जातात देव जाणे. मी हो म्हटलं.

रात्री साडेअकराला सीमेवरच्या कोगनोळी नाक्याच्या अलीकडे ढाब्यावर सामान हलवायला घेतलं. एमएच-09 म्हणजे कोल्हापूरच्या गाडीचा पोरगा दोराची पिशवी डिझेलच्या कॅनवर टेकवायला निघाला. माझा ड्रायव्हर त्याच्यावर असा खेकसला की ढाब्यावरचे जेवणारे वळून बघायला लागले. स्वतः टॉवेलनं जागा पुसली, दोर लावले. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, “मालक, भरोसा माझ्यावर नाही की नंबरवर?”

मी म्हटलं, नंबरवर रे. ते खरंच होतं. पण गाडीचा नंबर त्याचा नाही, माझा आहे, हे त्यानं बोलून दाखवलं नाही.

त्या रात्री वाटेत कुणीही कुणाला अडवलं नाही. पोरं सकाळी मुंबईत पोचली, आठवड्यानं मस्कतहून परतली, पेढे पण दिले. जादा गाडीचे अकरा हजार मी माझ्या खिशातून भरले, त्याचं काही नाही.

बस नंतर सुरू झाल्या. आता महाराष्ट्राचं भाडं आलं की तो किल्ली उचलता उचलता विचारतो, “नाक्यापर्यंत की पुढं?”