तुम्ही विचारलंत म्हणून: टीव्हीवर गेम दाखवायला एक केबल पुरत नाही का?

मुलांसाठी व्हिडिओ गेमवरचा टीव्ही कार्यक्रम करायचं ठरलं की पहिल्याच बैठकीत कुणीतरी हे विचारतं. कन्सोलची, म्हणजे गेम चालवणाऱ्या यंत्राची, केबल घरच्या टीव्हीला लावली की गेम दिसतो. मग तीच केबल स्टुडिओत लावायची, समोर दोन मुलं बसवायची, बाजूला बोलका सूत्रसंचालक उभा करायचा. यात एवढं काय आहे?

घरी जो टीव्ही बघतो त्याच्याच हातात कंट्रोलर असतो. कार्यक्रमात मात्र चित्र बघणारे दोघं असतात, स्टुडिओत खेळणारं मूल आणि घरून बघणारं मूल. खेळणाऱ्याला चित्र ताबडतोब हवं असतं. बघणाऱ्याला थोडं उशिरा आलं तरी चालतं, पण काय चाललंय ते कळायला हवं, कारण बटणं त्याच्या हातात नाहीत. पहिल्याला सांभाळायला जावं तर दुसऱ्याचं बिघडतं, आणि बहुतेक अडचणी तिथूनच सुरू होतात.

आधी सिग्नल. कन्सोलची एचडीएमआय केबल थेट स्विचरला (कुठलं चित्र दाखवायचं ते निवडणाऱ्या यंत्राला) न देता स्प्लिटरमध्ये (एक सिग्नल अनेक ठिकाणी वाटणाऱ्या डबीत) घ्यायची. स्प्लिटरचा एक फाटा खेळणाऱ्या मुलाच्या मॉनिटरला, दुसरा कन्व्हर्टरमार्गे (सिग्नलचा प्रकार बदलणाऱ्या डबीतून) स्विचरला आणि तिसरा वेगळ्या रेकॉर्डरला. स्विचरमधून फिरून आलेलं चित्र मुलाला कधीही देऊ नका. सेकंदाला ६० फ्रेमच्या (चित्रांच्या) गेममध्ये एक फ्रेम म्हणजे साधारण १६.७ मिलिसेकंद. कन्व्हर्टर एखादी फ्रेम खातो, फ्रेम सिंक्रोनायझर (चित्र स्टुडिओच्या तालावर आणणारं यंत्र) एक-दोन खातो, आणि दिवाणखान्यातला टीव्ही ‘गेम मोड’वर (चित्राचा उशीर कमी करणाऱ्या सेटिंगवर) नसेल तर तो एकटाच १०० मिलिसेकंद, म्हणजे सहा फ्रेम मागे असू शकतो. अशा वेळी उडीचं बटण वेळेवर दाबूनही पात्र खड्ड्यात पडतं. मूल म्हणतं, “मी दाबलं होतं!” आणि ते खरंच बोलत असतं.

रेकॉर्डरवर नुसता काळा पडदा आला तर केबल बदलत बसू नका, आधी एचडीसीपी, म्हणजे चित्राची नक्कल रोखणारं संरक्षण, बघा. प्लेस्टेशन ४ आणि ५ मध्ये हे संरक्षण सेटिंगमधून बंद करता येतं (ते बंद असताना चित्रपट दाखवणारी काही ॲप चालत नाहीत, पण आपल्याला ती नकोच आहेत). प्लेस्टेशन ३ मध्ये एचडीएमआयवर ही सोय नाही, तिथे कम्पोनंट केबलनेच (जुन्या ॲनालॉग केबलने) चित्र घ्यावं लागतं. शिवाय स्टुडिओचे कॅमेरे एका तालावर बांधलेले असतात आणि कन्सोल त्या तालावर बांधता येत नाही. म्हणून गेमचं चित्र फ्रेम सिंक्रोनायझरमधून गेल्याशिवाय स्विचरवर नीट बसत नाही. काही स्विचरमध्ये तो प्रत्येक इनपुटला असतोच, तरी आधी खात्री करून घ्या.

जुने कन्सोल आणले की खरी कसोटी लागते. आठ आणि सोळा बिटांच्या कन्सोलचं चित्र २४० ओळींचं असतं आणि ते सेकंदाला सुमारे ६० वेळा पूर्ण काढलं जातं. बरीच कॅप्चर उपकरणं त्याला ४८० ओळींचं इंटरलेस्ड (एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या भागांत येणारं) चित्र समजतात, दोन वेगवेगळ्या फ्रेम एकमेकींत विणतात, आणि पळणाऱ्या पात्राच्या कडा फणीच्या दातांसारख्या फाटतात. त्यावर उपाय म्हणून कुणी सेकंदाला ३० फ्रेमच घेतल्या तर त्याहून वाईट होतं. त्या काळच्या गेममध्ये मार बसलेलं पात्र लुकलुकताना दाखवायला ते एका फ्रेममध्ये काढतात आणि पुढच्या फ्रेममध्ये गाळतात. मूळच्या निन्टेन्डो कन्सोलवर एका ओळीत आठच स्प्राइट (हलत्या आकृत्यांचे तुकडे) मावत, म्हणून गर्दीच्या वेळीही हीच युक्ती वापरली जाई. साठातल्या तीसच फ्रेम घेतल्या की आपल्या वाट्याला नेहमी सम किंवा नेहमी विषमच येतात. मग पात्र एकतर लुकलुकतच नाही, नाहीतर सेकंदभर गायब होतं. खेळणाऱ्या मुलाला ते दिसत असतं, तो शांतपणे पुढे जातो. घरच्या मुलाला वाटतं, तो मेला. इलाज एकच: २४० ओळी ओळखणारा स्केलर (चित्राचा आकार बदलणारं उपकरण) वापरा आणि ६० च्या ६० फ्रेम शेवटपर्यंत जपा. प्रक्षेपण सेकंदाला ५० चित्रांचं असेल तर ६० मधली दर सहावी फ्रेम जाणारच, आणि सावकाश सरकणारी पार्श्वभूमी हिसके देणार. असे गेम निवडीतच टाळलेले बरे.

सिग्नल नको, सरळ टीव्हीवर कॅमेरा रोखू, असंही सुचवलं जातं. जुन्या काचेच्या टीव्हीवर त्यामुळे काळा पट्टा वरखाली फिरतो. कॅमेऱ्याचं शटर टीव्हीच्या वेगाशी, म्हणजे १/६० किंवा १/५० ला जुळवलं की तो थांबतो. सपाट पडद्यावर जाळीदार लाटा उठतात. कोन थोडा बदलला किंवा फोकस किंचित सोडला की त्या कमी होतात. मूल आणि पडदा एकत्र दाखवणाऱ्या शॉटला हे चालतं, मुख्य चित्राला नाही.

आता चेहरा. मुलांच्या गेमच्या कार्यक्रमात चेहरा गेमइतकाच महत्त्वाचा. घरचं मूल धोका किती मोठा आहे हे गेमकडे बघून नाही, खेळणाऱ्याच्या भुवयांकडे बघून ओळखतं. पण चेहरा आणि गेम वेगवेगळ्या वाटांनी येतात, त्यामुळे वेळ चुकते. चेहरा पाच फ्रेम पुढे असेल तर मूल मार बसण्याआधीच कळवळतं आणि सगळं खोटं वाटू लागतं. तपासायची पद्धत सोपी आहे. एका कॅमेऱ्याच्या चौकटीत मुलाचा मॉनिटर घ्या, गेममध्ये पॉज दाबा, आणि पॉजचा फलक कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगमध्ये कितव्या फ्रेमला आला व थेट घेतलेल्या गेममध्ये कितव्या, हे मोजा. जे आधी आलं त्याला तेवढ्या फ्रेम मागे ढकला. गेमचा आवाज गेमच्या चित्राबरोबर आणि मुलाचा माइक चेहऱ्याबरोबर सरकवायला विसरू नका, बहुतेकदा नेमकं तेच राहून जातं.

चेहऱ्याची चौकट कुठे बसवायची हे प्रत्येक गेमसाठी नव्याने ठरवावं लागतं. एकात गुण वर असतात, दुसऱ्यात नकाशा खाली उजवीकडे. प्रत्येक गेमची दहा चित्रं काढून त्यांवर रिकामा कोपरा शोधा आणि वाहिनीचा लोगो कुठे येतो ते आधीच विचारून ठेवा, कारण तो नेमका जिवांच्या आकड्यावर बसतो. जुन्या टीव्हीच्या काळात कडेचा बराच भाग झाकला जाई, म्हणून अक्षरं मधल्या ८० टक्क्यांत ठेवत. रुंद पडद्यावर हल्ली अक्षरांसाठी ९० टक्के धरतात. गेममधली बारीक अक्षरं घरी वाचता येत नाहीत, ती सूत्रसंचालकाने वाचावीत किंवा आपण मोठ्या अक्षरांत पुन्हा लिहावीत. ब्रिटनमधल्या ‘बॅड इन्फ्लुअन्स!’ या गेमवरच्या कार्यक्रमाने (१९९२ ते १९९६) हे उलटवून दाखवलं होतं. कार्यक्रमाच्या शेवटी मजकुराची पानं भरधाव सोडायची आणि मुलांनी ती व्हीसीआरवर टेप करून एकेक थांबवून वाचायची. ते चाललं, कारण तिथे वाचणं हाच खेळ होता.

कुठला गेम निवडावा? ज्याचं लक्ष्य एका वाक्यात सांगता येतं तो. ‘तीस सेकंदांत पन्नास नाणी’ हे घरच्या मुलाला पुरतं आणि तेही मोजू लागतं. ‘या प्रदेशातली मोहीम पूर्ण कर’ यात त्याला करण्यासारखं काही उरत नाही. १९८२ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘स्टारकेड’ या गेम-स्पर्धेच्या कार्यक्रमापासून हे दिसतं: घड्याळ, गुण आणि थोडा वेळ. ब्रिटनच्या चॅनल ४ वरच्या ‘गेम्समास्टर’मध्ये (१९९२ ते १९९८) आव्हानाची अट आधी सांगत आणि खेळ चालू असताना समालोचन होई. समालोचकाने झालेलं सांगू नये, होणारं सांगावं. “पडला!” हे सगळ्यांना दिसतं. “पुढचा पूल तुटतो, त्याने थांबायला नको” हे दोन सेकंद आधी सांगितलं तर घरचं मूल श्वास रोखून बसतं.

सगळ्यात जास्त काळजी घ्यायची ती लखलखाटाची. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये ‘पोकेमॉन’ या कार्टून मालिकेच्या एका भागात लाल आणि निळा रंग सेकंदाला सुमारे १२ वेळा आलटूनपालटून चमकला आणि सुमारे ६८५ जणांना, त्यातल्या बहुतेक मुलांनाच, रुग्णालयात न्यावं लागलं. बातम्यांत तोच तुकडा पुन्हा दाखवल्यावर आणखी काहींना त्रास झाला. प्रकाशाला संवेदनशील अपस्मार लहान आणि वाढत्या वयात जास्त दिसतो, आणि आपला प्रेक्षक नेमका त्याच वयाचा. गेममध्ये स्फोट, बंदुकीच्या नळीतला जाळ, मार बसल्यावर पांढरा होणारा पडदा हे रोजचंच असतं.

प्रक्षेपणाच्या नियमांचा गाभा असा: पडद्याच्या चौथाईहून मोठा भाग एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा लखलखता कामा नये. उजेड वाढून उतरला किंवा उतरून वाढला, की एक लखलखाट. गडद लाल रंगाच्या उघडझापीला नियम आणखी कडक आहे, तिथे उजेड फारसा बदलला नाही तरी ती धोकादायक ठरते. ठळक उभ्या-आडव्या पट्ट्यांनी भरलेला पडदाही त्यात येतो. हे डोळ्यांनी ठरवू नका. हार्डिंगसारख्या तपासणी सॉफ्टवेअरमधून पूर्ण भाग जाऊ द्या, ते दोषाची फ्रेम दाखवतं. दोष निघाला तर पहिला उपाय म्हणजे गेम छोट्या चौकटीत नेणं. लांबी-रुंदी निम्मी केली की क्षेत्र बरोबर २५ टक्के होतं, म्हणजे काठावरच. ४५ टक्के केली की सुमारे २० टक्के, मग थोडी मोकळीक राहते. दुसरा उपाय, तेवढ्या सेकंदांचा उजेड आणि रंगाचा भडकपणा उतरवणं. तिसरा, लखलखाटाच्या मधल्या फ्रेम काढून आधीची फ्रेम ताणणं आणि त्या वेळी चेहऱ्यावर जाणं. थेट प्रक्षेपणात यातलं काहीच जमत नाही, म्हणून तिथे असा गेमच घेऊ नये. गेमच्या पेटीवर किंवा सुरुवातीला धोक्याची सूचना असते, ती खेळणाऱ्यासाठी. टीव्हीवरच्या मुलाने ती वाचलेली नसते आणि चित्र थांबवायला त्याच्या हातात बटणही नसतं.

दुसरा हमखास प्रश्न: मूल गेमच्या आत चालताना दाखवतात ते कसं? रंगीत पडद्यासमोर उभं करून तो रंग काढून टाकतात. पण मुलाभोवती खरोखर नुसता निळा रंग असतो, त्याला खड्डा दिसत नाही. ‘नाइटमेअर’ या ब्रिटिश कार्यक्रमाने (१९८७ ते १९९४) यावर फार सुंदर तोड काढली. आत जाणाऱ्या मुलाला समोरचं दिसू नये असं शिरस्त्राणच घातलं, आणि तीन मित्र मॉनिटरवर पूर्ण चित्र बघून त्याला “डावीकडे एक पाऊल”, “थांब” असं सांगत. तंत्राची उणीव हाच खेळाचा नियम झाला. अमेरिकेच्या ‘निक आर्केड’मध्ये (१९९२) शेवटच्या फेरीत मुलं मॉनिटरमध्ये स्वतःला बघत उड्या मारत. मॉनिटरवरचं चित्र सरळ असेल तर मूल चुकीच्या बाजूला सरकतं, कारण त्याला आरशाची सवय असते. म्हणून फक्त मुलाच्या मॉनिटरचं चित्र आडवं उलटवून द्यावं.

घरून फोनवर खेळायचं असेल तर डेन्मार्कच्या ‘ह्यूगो’ या टीव्ही खेळाची (१९९०) पद्धत आहे. फोनचं प्रत्येक बटण दोन सूर एकत्र सोडतं, ४ चे ७७० आणि १२०९ हर्ट्झ, ६ चे ७७० आणि १४७७. स्टुडिओतलं यंत्र ते सूर ओळखून पात्र डावीकडे किंवा उजवीकडे नेतं. तेव्हा प्रक्षेपण ॲनालॉग होतं आणि चित्र जवळजवळ त्याच क्षणी घरी पोचे. डिजिटल प्रक्षेपणात चित्र आक्रसून पाठवणं, मग उलगडणं यात काही सेकंद जातात, त्यामुळे अडथळा दिसून बटण दाबेपर्यंत तो केव्हाच मागे पडलेला असतो. आता फोनवरून वेळेचा खेळ नको, विचाराचा घ्या: कुठलं दार, कुठली चावी.

रेकॉर्डिंगच्या आधीच्या तासात घोटाळे होतात ते सेव्ह फाइलचे. पहिलं मूल खेळलं की गेम आपोआप जतन होतो आणि दुसरं मूल वेगळ्या जागेवरून सुरू करतं, मग स्पर्धा बरोबरीची राहत नाही. प्रत्येक मुलासाठी वेगळं प्रोफाइल आणि त्यात एकाच जागेची प्रत ठेवा. कन्सोल आदल्या दिवशी अपडेट करून नेटवर्क तोडा, म्हणजे मध्येच कुणाचा संदेश किंवा खेळाडूचं नाव पडद्यावर येणार नाही. वयाचा शिक्का आधी बघा. ऑस्ट्रेलियाच्या ‘गुड गेम: स्पॉन पॉइंट’मध्ये मुलांना चालतील अशाच वर्गीकरणाचे गेम घेत, आणि निवडीची कटकट त्यामुळे निम्मी संपते.

लहान कार्यक्रमाला एवढं सामान लागतं: तेच सेव्ह असलेले दोन कन्सोल (एक राखीव), चार फाट्यांचा स्प्लिटर, गेम मोडचे दोन मॉनिटर, तीन कॅमेरे (दोन चेहऱ्यांना, एक हातांना) आणि प्रत्येक स्रोताचं वेगळं रेकॉर्डिंग. कंट्रोलर तारेचे घ्या. बिनतारी कंट्रोलर चालू करताना अदलाबदल होते आणि एका मुलाचं पात्र दुसऱ्याच्या हातात जातं. खेळण्यापूर्वी प्रत्येक मुलाला विचारा, वर बघायला कंट्रोलरची काठी वर ढकलतोस की खाली ओढतोस. उत्तर त्याच्या प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये टाका आणि मग घड्याळ लावा.